हॉलमधला पांढरा चार्जर

“तो सोडून दुसरा कुठलाही घे,” ताई म्हणाली. “तो काढलेला ह्यांना आवडत नाही.”

मी हॉलच्या भिंतीशी ओणवा झालो होतो. ताईच्या गाण्याच्या पेटीच्या मागं, जमिनीपासून हातभर उंचीवरच्या बोर्डात एक पांढरा मोबाईल चार्जर लावलेला होता आणि माझा हात त्याच्यावर होता.

“आवडत नाही म्हणजे?”

“मागं एकदा झाडताना मी काढून ठेवला होता. संध्याकाळी फोन आला तर म्हणाले, तो तिथंच राहू दे, सारखी काढघाल केली की बोर्ड ढिला होतो. तेव्हापासून मी हात लावत नाही.”

“दाजी चंद्रपूरला, चार्जर साताऱ्यात. त्यांना काय कळणार?”

“त्यांना सगळं कळतं,” ताई हसून म्हणाली. त्या हसण्यात थोडा अभिमान होता.

आमच्या घरात सगळे तसंच मानायचे. प्रतापदाजी चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात होते, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचे. पण ताईच्या मनातलं त्यांना न सांगता कळायचं. पेटीचा भाता फुटलाय असं ती गाण्याच्या मुलींसमोर म्हणायची आणि थोड्याच दिवसांत मिरजेहून नवी पेटी दारात यायची. गुडघा दुखतोय हे तिनं दाजींना सांगितलेलं नसायचं, तरी कुरिअरनं पट्टा यायचा. माझी बायको मला सुनवायची, “दाजींकडं शिकवणीला जा.” ताईला मूलबाळ झालं नाही, पण आई शेवटपर्यंत म्हणत होती, वृंदाला देवानं नवरा देताना हात आखडला नाही.

मी पुण्याहून आलो होतो ते ताईच्या स्पीकरसाठी. शाहूपुरीतल्या ह्या फ्लॅटमध्ये ती गाण्याचे वर्ग घ्यायची. मुलींना माईकची सवय व्हावी म्हणून तिनं छोटा स्पीकर आणला होता आणि त्यात खरखर यायची. टक्‌ टक्‌ टक्‌, मग लांब टर्रर्र. दुकानदारानं स्पीकर बदलून दिला, वायर बदलून दिली, तरी तेच.

“गाणं सुरू झालं की येते,” तिनं फोनवर सांगितलं होतं. “मी एकटी गप्प बसले की नाही येत. जसं काही त्याला गाणंच सोसत नाही.”

हे ऐकून माझे हात शिवशिवायला लागले. पुण्यात मी एका प्रयोगशाळेत काम करायचो. बाजारात येणारी विजेची उपकरणं हवेत नको त्या रेडिओलहरी सोडतात का, हे तपासायचं आमचं काम. नुकताच मी स्वतःसाठी एक स्पेक्ट्रम अॅनालायझर घेतला होता. हवेत कुठल्या लहरी आहेत आणि किती जोराच्या, हे लॅपटॉपच्या पडद्यावर आलेखासारखं दाखवणारं तळहाताएवढं यंत्र. त्याला स्वतःचा विजेचा प्लग नसतो, यूएसबीच्या वायरीवरच ते चालतं. ताईची खरखर त्यानं शोधायची असं मनात धरून मी रविवारी सकाळी निघालो होतो. येतोय हे कळवलंसुद्धा नव्हतं.

आणि पहिल्याच पायरीला अडलो. लॅपटॉप जुना होता, त्याच्या खाचेतून यंत्राला पुरेल एवढी वीज मिळेना. आलेख जरा दिसायचा आणि पडदा थिजायचा. वायरीला दोन शेपट्या होत्या. एक लॅपटॉपला माहितीसाठी, दुसरी वेगळ्या विजेसाठी. ही दुसरी शेपटी कशाला लावायची, एवढाच प्रश्न होता. ऐकायला तो फार छोटा वाटतो.

आधी माझ्या मोबाईलचा चार्जर लावला. पडद्यावर तळापासून गवत उगवल्यासारखं झालं. स्वस्त चार्जर आतल्या आत विजेची उघडझाप करत असतो आणि ती किरकिर यंत्राच्या कानात जाते. अशा यंत्राला वीज देताना ती नुसती पुरेशी असून चालत नाही, शांतही असावी लागते. सगळ्यात शांत म्हणजे बॅटरी. पण माझी पॉवरबँक गाडीत मोबाईल लावून लावून संपली होती. ती मी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली आणि तेवढ्यात दुसरं काही मिळतं का बघत पेटीच्या मागं पोचलो होतो.

“काढत नाही गं,” मी म्हणालो. “आहे तिथंच राहू दे. नुसती माझी वायर त्यात खुपसतो.”

“बघ बाबा.”

खुपसली. पडद्यावरचं गवत नाहीसं झालं. तळाची रेघ साफ, सपाट. मला बरं वाटलं.

“दाजींची निवड चांगली आहे,” मी म्हणालो. “आता तुझा मोबाईल दे.” तिचा आणि माझा, दोन्ही मोबाईल मी फ्लाइट मोडवर टाकले, म्हणजे घरातले आपलेच सिग्नल मध्ये यायला नकोत. “स्पीकर चालू कर आणि काहीतरी म्हण.”

ताईनं माईक घेऊन भूपातली एक बंदिश धरली. थोड्याच वेळात स्पीकर टक्‌ टक्‌ टक्‌ करायला लागला, आणि त्याच क्षणी पडद्यावर उजवीकडं एक उंच काठी उभी राहिली. पडली, उभी राहिली, पडली. सारख्या अंतरानं, दम न खाता.

“हे बघ,” मी म्हणालो. “नऊशे मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे मोबाईल टॉवरशी बोलतो ती पट्टी.”

“पण मोबाईल तर तू बंद केलेस.”

“शेजारी कुणाचा असेल.” पण शेजारचा मोबाईल एवढा उंच दिसत नाही. हा सिग्नल ह्याच खोलीतला होता. मी वायर हलवून बघितली, अँटेना फिरवली. अँटेना पेटीकडं नेली की काठी वाढत होती. “नाहीतर ह्या चार्जरचीच भानगड आहे. साफ वाटला, पण काहीतरी सोडतोय. ताई, हाच तुझा चोर दिसतोय. हा काढून फेकून दे, मी तुला दुसरा आणून देतो.”

मी हे म्हणालो आणि काठी पडली ती पुन्हा उठली नाही. स्पीकरही गप्प झाला.

“बघ, तुझं बोलणं ऐकून घाबरला,” ताई म्हणाली.

आतल्या खोलीत लँडलाईन वाजली. ताई उठून गेली. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. “अहो, मोबाईल बंद होता. हो, शिरीष आलाय, आत्ताच. नाही, स्पीकर बघतोय… बरं. बरं, सांगते.”

बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर तेच हसू होतं.

“ह्यांचाच फोन. म्हणाले, शिरीष आलाय का गं? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, आज सकाळपासून वाटत होतं. आणि तुला सांगितलंय, घरातल्या चार्जरला, बोर्डाला हात लावू नको. बोर्डाला करंट येतो, इलेक्ट्रिशियन आल्याशिवाय काही काढायचं नाही. काळजी बघ किती.”

“दाजींनी चार्जरचं नाव घेतलं?”

“बोर्ड म्हणाले. चार्जर म्हणाले. का रे?”

मी स्वयंपाकघरात गेलो, पॉवरबँक काढून आणली. थोडी भरली होती. यंत्राची शेपटी पांढऱ्या चार्जरमधून काढली आणि पॉवरबँकेला लावली. चार्जर भिंतीत तसाच ठेवला. आता त्याचा आणि माझ्या यंत्राचा वायरीनं काही संबंध उरला नव्हता.

पडदा कोरा होता.

“वाजव ना काहीतरी,” मी म्हणालो. “किंवा बोल. काहीही बोल.”

“काय बोलू? चहा टाकू का तुला? साखर कमी घालते, तुझी शुगर…”

काठी उभी राहिली. टक्‌ टक्‌ टक्‌.

मी ताईकडं बघत होतो आणि ताई शुगरबद्दल बोलत होती. मी नवी फाईल उघडली, अक्षरं मोठी केली आणि टाईप केलं: ‘ताई, बोलत राहा. चहाबद्दल बोल. मी काय लिहितोय ते मोठ्यानं वाचू नकोस.’

लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. तिनं वाचलं. भुवया वर गेल्या. पण ती शहाणी बाई होती, बोलणं थांबवलं नाही. “आलं घालते थोडं,” ती म्हणाली. “परवा बाजारात आलं चांगलं मिळालं.”

मी लिहिलं: ‘आता गप्प बस. अगदी गप्प.’

आम्ही दोघं बसून राहिलो. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू झाली, निघून गेली. गॅलरीतून अजिंक्यताऱ्याचा कडा दिसत होता, त्याच्यावर ऊन होतं. स्पीकर टक्‌टक्‌ करत होता. बराच वेळ तो तसाच करत राहिला, जसं पलीकडं कुणीतरी कान लावून वाट बघत असावं. मग थांबला. काठी पडली.

मी उठून खोकलो, खुर्ची सरकवली, म्हणालो, “चल, तो पंखा जरा वाढव.” थोड्या वेळानं काठी पुन्हा उभी.

मी लिहिलं: ‘त्या चार्जरमध्ये फोन आहे. आवाज झाला की तो आपण होऊन कुणालातरी लागतो. कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय.’

ताईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग लॅपटॉप जवळ ओढला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं: ‘कोण’

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिची मान आपोआप आतल्या खोलीकडं, लँडलाईनकडं वळली.

मला वाटलं होतं ती रडेल. निदान ‘शक्यच नाही’ म्हणेल. मी स्वतः मनात तेच म्हणत होतो. दाजी. जावयांमधला एवढा चांगला माणूस आमच्या नात्यात दुसरा नव्हता. माझ्या लग्नात वऱ्हाडाची पंगत उठेपर्यंत उपाशी राहिलेले दाजी.

ताईचा चेहरा मात्र हलत नव्हता. फक्त रंग उतरत चालला होता. ती भिंतीकडं बघत होती आणि मला दिसत होतं, की ती एकेक गोष्ट मागं जाऊन उचलून बघतेय. पेटी. गुडघ्याचा पट्टा. झाडताना काढलेला चार्जर. मग कुठंतरी ती अडली. ओठ उघडले गेले. तिनं लॅपटॉप घेतला आणि लिहिलं: ‘शमशाद’

मला कळेना. शमशादभाभी म्हणजे समोरच्या दारातल्या मुल्लाभाभी. नवरा एसटीत होता, तो वारला. दोन मुलींची लग्नं होऊन त्या सासरी. एके काळी भाभींची दुपार ताईकडं जायची. भाजी निवडायची ती दोघींनी मिळून, ताईच्याच हॉलमध्ये. पण दीडएक वर्षापूर्वी काहीतरी बिनसलं होतं आणि आता समोरासमोरची दारं असून दोघी बोलत नव्हत्या. काय झालं होतं ते ताईनं कधी सांगितलं नव्हतं.

‘त्यांनी ठेवला?’ मी लिहिलं.

ताईनं जोरात नाही अशी मान हलवली. ती उठली. चप्पलही न घालता दार उघडून बाहेर गेली. समोरच्या दाराची कडी वाजल्याचा आवाज आला.

भाभी आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या. हाताला कणीक लागलेली होती. “काय झालं? कुणाला बरं नाही का?” त्यांनी मला विचारलं, कारण ताईशी कसं बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

“आत या, भाभी,” ताई म्हणाली. तिनं त्यांना हाताला धरून दिवाणावर बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसली. पेटी बाजूला सारली. आता चार्जर तिच्या खांद्यापाशी होता. मी तिला खूण केली, काढू का. ती म्हणाली, “राहू दे.” मोठ्यानं म्हणाली.

पडद्यावर काठी चालू होती.

“जिन्यात मी तुम्हाला काय म्हणाले होते, आठवतंय?”

“जाऊ दे गं वृंदा. झालं ते झालं.”

“नाही, जाऊ नका देऊ. तुमच्या व्याह्यांसमोर मी तुम्हाला चुगलखोर म्हणाले होते. माझ्या घरातलं माझ्या नवऱ्याला कळवता म्हणाले होते.”

भाभींनी मान खाली घातली. “मी त्यांच्याशी आयुष्यात फोनवर बोलले नाही. तेव्हाही हेच सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.”

“कोल्हापूरच्या शाळेत गाण्याच्या बाईची जागा निघाली, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. इथंच बसून. अर्ज करू का, असं तुम्हाला विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन आला. म्हणाले, वृंदा, मला आज उगाच वाटलं की तू लांब कुठंतरी चाललीस. रडले फोनवर. मी अर्ज फाडून टाकला.” ताईचा आवाज सपाट होता, वर्गात मुलींना ताल समजावताना असतो तसा. “मला वाटलं, एवढं अचूक मनातलं कळत नाही कुणाला. म्हणजे कुणीतरी सांगितलं. आणि तुमच्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. पेटीचं, गुडघ्याचं त्यांना मनातून कळलं असं धरलं आणि हे एवढंच तुमच्या माथी मारलं.”

“मग आता काय कळलं तुला?”

“ह्या चार्जरात फोन बसवलाय. ह्या खोलीतलं सगळं ह्यांना ऐकू जातं. आत्तासुद्धा जातंय.”

भाभींनी आधी चार्जरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. आलेखातलं त्यांना काही कळणार नव्हतं, पण ती उठणारी-पडणारी काठी दिसत होती. “ही चालू आहे म्हणजे ऐकतायत,” मी म्हणालो.

“आत्ता?”

“आत्ता.”

भाभींनी कणकेच्या हातानंच पदर डोक्यावरून ओढून घेतला. परका पुरुष अचानक खोलीत आला की बाया घेतात तसा. त्यांनी तो हनुवटीखाली घट्ट धरला आणि तशाच बसून राहिल्या. मला तिथं बसवेना, आणि उठताही येईना.

“वृंदा,” त्या म्हणाल्या, अगदी हळू, “माझ्या ऑपरेशनचं मी इथंच बोलले होते.”

“हो.”

“गर्भपिशवीचं. सगळं. घरात पोरींना सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं होतं.” त्या थांबल्या. “आणि माझ्या पोरीचं, नजमाचं? तिला नवरा मारायचा, ते?”

ताईनं मान हलवली.

“ते पण?”

“ते पण, भाभी.”

भाभी चार्जरकडं वळल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. “प्रतापभाई,” त्या म्हणाल्या, “ईदला तुम्ही माझ्या घरी शीरखुर्मा खाऊन गेलात. नजमाला शंभराची नोट देऊन, बेटा खूश राहा, म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

काठी पडली. मला वाटलं, पुन्हा उठेल. मी पडद्याकडं बघत राहिलो. ताई बोलत होती, भाभी रडायला लागल्या होत्या, खोलीत आवाज होता. पण रेघ तळाला सपाट पडून होती. तिकडून फोन ठेवला होता आणि ह्याचं आपोआप लागणंही बंद करून टाकलं होतं.

ताईनं हात लांब करून चार्जर बोर्डातून उपसला.

मी तो तिथंच वर्तमानपत्रावर स्क्रूड्रायव्हरनं उघडला. आत मोबाईल चार्ज करायचा भाग होता तो होताच, आणि त्याच्या पाठीला बोटाच्या पेराएवढी दुसरी पट्टी. तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा माईक आणि एक सिमकार्ड. इतकं नेटकं काम होतं, की रोज अशा वस्तू उघडणाऱ्या मला बाहेरून कधी शंका आली नसती.

पुढं पोलिसांत तक्रार झाली, भाभींनी त्यात आपणहून नाव घातलं, दाजींचं ताईकडं येणं बंद झालं आणि यथावकाश फारकत झाली. ते सगळं जसं होत असतं तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला इतक्या वर्षांनी आठवते ती दुसऱ्या दिवशीची दुपार. दाजी आले ती.

मी रजा टाकून राहिलो होतो. बेल वाजली. दाजी हातात बॅग घेऊन उभे होते. रात्रभरच्या प्रवासानं डोळे लाल झालेले. मी मनात तयारी करून ठेवली होती. ते शरमतील, किंवा चिडतील, किंवा कानावर हात ठेवतील. ह्यातलं जे असेल त्याला काय म्हणायचं ते मी ठरवलं होतं.

ते बूट काढून आत आले, दिवाणावर बसले. वर्तमानपत्रावर चार्जरची दोन टरफलं तशीच होती. त्यांनी ती बघितली.

“उघडलास होय,” ते मला म्हणाले. खेळणं मोडल्यावर एखादा म्हणतो तसं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “भाभींचं ऐकत होतात,” ती म्हणाली. “गाण्याला येणाऱ्या पोरींचं ऐकत होतात.”

“त्यांचं मी सोडून द्यायचो गं. मला कशाला पाहिजे त्यांचं? मी तुझ्यासाठी ऐकायचो.” ते माझ्याकडं वळले, मी तरी समजून घेईन म्हणून. “शिरीष, तिकडं क्वार्टरमध्ये कोण असतं मला? शिफ्ट संपली की चार भिंती. ही इथं सूर लावायची, हसायची, ते ऐकत मी जेवायचो. ह्यात पाप काय आहे?”

“फोन करायचा होता,” मी म्हणालो.

“करत होतोच की. पण फोनवर माणूस सांगतो तेवढंच सांगतो.”

ते खोटं बोलत नव्हते. तोंडावर चोरीची एक रेघसुद्धा नव्हती. ह्या माणसानं बायकोच्या घराला कान लावला होता, तिची मैत्रीण तोडली होती, तिची नोकरी होण्याआधी संपवली होती, आणि तो आमच्यासमोर बसून, आपलं काय चुकलं ते मनापासून शोधत होता. चार्जर उघडताना बसला होता त्यापेक्षा मोठा धक्का मला तेव्हा बसला.

“आणि कोल्हापूर?” ताईनं विचारलं.

“तू गेली असतीस तर तू कशी आहेस हे मला कसं कळलं असतं?” दाजी म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा दुखावल्यासारखा झाला. “मी तुला काय कमी केलं, वृंदा? तुला तोंड उघडून एक वस्तू मागावी लागली का कधी?”

“नाही,” ताई म्हणाली. “कधीच नाही.”

“मग? आता तू म्हणतेस हे सगळं बंद. बरं, बंद. पण मग तुला काय हवं, काय नको, ते मला कळायचं कसं?”

“विचारायचं.”

दाजींनी ते ऐकलं. मग त्यांनी मान वर केली आणि, माझी खात्री आहे, अगदी खऱ्या मनानं विचारलं, “बरं. विचारतो. काय हवंय तुला?”

ताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघत होतो. ओठ हलले, पुन्हा मिटले. तिला उत्तर येत नव्हतं. काय हवंय हे सांगायची पाळी लग्नानंतर तिच्यावर कधी आलीच नव्हती, आणि आता आली तर तिला आतून काही सापडत नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या तोंडावर मी तेव्हा जी भीती बघितली, ती आदल्या दिवशी चार्जर सापडला तेव्हाही नव्हती.

दाजी वाट बघत होते.

“आधी तुम्ही जा,” ताई शेवटी म्हणाली. “मग मला सुचेल.”